सांचा खात्यातले दौलतराव

इंदूरला आम्ही गेलो होतो ते माझ्या सासऱ्यांना, दौलतरावांना, कायमचं पुण्याला घेऊन यायला. आणि ते यायला तयार नव्हते. नुसते तयार नसते तर समजूत घातली असती, पण ते दिलेला शब्दच साफ नाकारत होते. सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. दवाखान्यात शेवटच्या दिवशी आम्हा सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या होत्या, "अहो, माझ्यामागे एकटे राहू नका. मानसकडे जा." दौलतरावांनी त्यांचा हात धरून "हो, हो" म्हटलं. मी पलंगाशीच उभी होते. आता विषय काढला की ते म्हणायचे, "ती असं काही म्हणालीच नाही."

मानस, म्हणजे माझा नवरा, आधी समजावून थकला, मग चिडला, मग घाबरला. बाबांना हाक मारली तर ते ओ देत नसत, एक विचारलं तर भलतंच उत्तर देत. ही विसरभोळेपणाची सुरुवात आहे असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. पुण्यात डॉक्टरांची वेळसुद्धा त्याने घेऊन ठेवली होती.

दौलतराव परदेशीपुऱ्यातल्या दोन खोल्यांत राहतात. त्यांचे वडील खानदेशातून इथे मिलमध्ये आले, आणि मिसरूड फुटायच्या वयात हेही त्याच मिलच्या सांचा खात्यात लागले. सांचा म्हणजे माग. शेकडो माग एका छपराखाली. मिल बंद पडली तेव्हा मानस शाळेत होता. दौलतरावांनी कपाळाला हात लावला नाही, क्लॉथ मार्केटात एका दुकानावर उभे राहून साड्या उलगडून दाखवायला लागले. बोलणं कमी आणि हसणं भरपूर, त्यामुळे गिऱ्हाइकं खूश. मालक म्हणायचा, असा शांत माणूस अख्ख्या बाजारात नाही.

सासूबाईंचं नाव बेबी. लग्नात नाव बदलायची पद्धत होती, पण बेबीचं काय करायचं हे कुणाला सुचलं नाही म्हणे, त्या सत्तरीतही बेबीच राहिल्या. त्यांची एक सवय मला फार खटकायची. नवऱ्याशी बोलायचं तर त्या आधी दिवा लावायच्या, भर दुपारीसुद्धा. मग पदराला हात पुसत त्यांच्या पुढ्यात येऊन उभ्या राहायच्या आणि मग विचारायच्या, "अहो, जेवलात का?" स्वयंपाकघरातून ओरडून विचारलं तर काय बिघडेल, असं मला वाटायचं. मी पुण्याची, आमच्याकडे निम्मा संसार एका खोलीतून दुसऱ्या खोलीत ओरडून चालतो.

या खेपेला मानसने युक्ती काढली. बाबांना मिल दाखवून आणू, जुनी जागा डोळ्याखालून गेली की मन हलकं होईल आणि निघायला तयार होतील. बाबांबरोबर सांचा खात्यात असलेले लक्ष्मणकाका बरोबर आले, कारण तिथला चौकीदार त्यांच्या ओळखीचा होता.

आत काही उरलेलं नाही. धुराडं उभं आहे, बाकी भिंतींतून पिंपळ फुटलेत. सांचा खात्याचं छप्पर उडालंय, उन्हात नुसती लांबच लांब फरशी पडली आहे. माग कधीच भंगारात गेले. लक्ष्मणकाका चालत पार पलीकडच्या टोकाला गेले. बाबा आमच्यापुढे चार पावलांवर होते. मानस मागून म्हणाला, "बाबा, बसता का जरा?" उत्तर नाही. त्याने माझ्याकडे बघितलं, बघ म्हणून.

तेवढ्यात बाबा खो खो हसायला लागले. मला कळेना कशाला. पलीकडे लक्ष्मणकाकांचे ओठ हलत होते, मोठेमोठे, सावकाश, आणि एक हात हवेत काहीतरी दाखवत होता. आवाज अजिबात नाही. बाबांनीही तसेच ओठ हलवून उत्तर दिलं, तेही बिनआवाजाचं, आणि आता तिकडे लक्ष्मणकाका पोट धरून हसायला लागले. झाडावरचे पोपट ऐकू येत होते, ही दोन माणसं नाही.

लक्ष्मणकाका परत आल्यावर मी विचारलं, हे काय चाललं होतं.

"अहो सूनबाई, इथे सांचे चालू असले की बाजूच्याचं ओरडणं भी ऐकू नाही यायचं. आम्ही सगळे ओठ बघून बोलायचो. नंतर कान तर सगळ्यांचेच गेले. पण दौलतभिया तर एकदम बहिरा आहे नं. तुम्हाला मालूमच नाही?"

मानस पुढे सरकला. "कधीपासून?"

"तू पैदा झाला नव्हता तेव्हापासून. मग मिल बंद पडली, दुकानावर कोण ठेवणार बहिऱ्याला? म्हणून कोणाला सांगितलं नाही. बेबीवहिनीला मालूम होतं, तीच सांभाळून घ्यायची."

दिवा, पुढ्यात येऊन उभं राहणं, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं आणि मला भडभडून आलं. आणि मग दवाखाना आठवला. मी मानसचा दंड धरला. "अरे, आईंच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता."

मानस बाबांसमोर जाऊन उभा राहिला. ऊन तोंडावर येईल असा वळला आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "बाबा, दवाखान्यात आई काय म्हणाली, ते तुम्हाला कळलं होतं का?"

दौलतरावांनी आधी लक्ष्मणकाकांकडे रागाने बघितलं. मग ते मानसकडे वळले.

"तोंड झाकलेलं होतं," ते म्हणाले. "मला वाटलं, जेवलात का विचारते. ती दुसरं काय विचारणार? मी हो म्हटलं. जेवलो नव्हतो रे. आदल्या दिवसापासून काही खाल्लं नव्हतं. ती गेली, आणि मी तिच्याशी शेवटचं बोललो ते खोटं बोललो. वर्षभर घास घेताना तेच येतं समोर."

"नाही बाबा," मानस रडत होता, पण ओठ नीट दिसतील असं बोलत होता. "ती म्हणाली, एकटे राहू नका, मानसकडे जा. खरंच म्हणाली."

"मला वाटलं, मला न्यायचं म्हणून तू तिच्या नावावर खपवतोय." ते माझ्याकडे वळले. "संहिता, तू सांग. हेच म्हणाली?"

मी मान डोलावली. मग मला वाटलं तेवढं पुरणार नाही, म्हणून मीही त्यांच्या समोर जाऊन आईंचे शब्द जसेच्या तसे म्हटले, अहोसकट.

मानस म्हणाला, "तुम्हाला इथेच राहायचं असेल तर राहा बाबा. मी जबरदस्ती नाही करणार."

"असं कसं? मी तिला हो म्हटलंय," दौलतराव म्हणाले. त्यांनी रुमालाने डोळे पुसले, लक्ष्मणकाकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मानसच्या तोंडाकडे बघत विचारलं, "पुण्याची गाडी कितीची आहे?"