शेवटाकडून उघडलेलं पुस्तक

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. लग्नानंतर मी पहिल्यांदा सासरी चालले होते. उदगीरला नवरा मर्दानी डब्यात बसला आणि मी जनान्यात. समोर एक वयस्क बाई बुरख्याचा पडदा वर सारून पुस्तक वाचत होती. वाचताना ओठ हलायचे, बोट उजवीकडून डावीकडं सरकायचं. पान उलटण्याआधी ती त्यावरून अलगद हात फिरवायची, झोपलेल्या लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा. तिनं माझं नाव विचारलं नाही ते बरंच झालं. ते नुकतंच बदललं होतं, कोणतं सांगायचं मलाच कळलं नसतं.

"कसलं पुस्तक हो?" मी विचारलं.

"तिलिस्माचं. जादूचा किल्ला हाय, आत गेलेला माणूस अडकून पडतो. शेवटाला समदे सुटतात. मग मला करमत न्हाई. परत पहिल्यापासून वाचते."

तिनं पुस्तक माझ्या हातात दिलं. मला उर्दू येत नव्हती. चित्रं असतील म्हणून मी आपल्या मराठी पुस्तकासारखं डावीकडून उघडलं, तशी ती हसली.

"तू आखरीकडून शिरलीस, बेटी. इथं समदे सुटलेत. आता पानं उलटत गेलीस, तर एकेक जण आत अडकत जाईल."

बाहेर ज्वारीची रानं मागं पळत होती, माहेराच्या दिशेनं. मी पान उलटलं नाही. त्याच पानावर बोट ठेवून बसून राहिले. माझं स्टेशन येईपर्यंत तिनंही पुस्तक परत मागितलं नाही.