आखूड वात

लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात माझा नवऱ्यावरचा विश्वास उडाला. कारण सांगितलं तर कोणी हसेल. ते संध्याकाळी खुशीत घरी यायला लागले होते.

आधी ते वर्ध्याला कापसाच्या एका जिनिंगमध्ये कारकून होते. तेव्हा आमच्या बोरगावला परत यायचे ते तोंड पाडूनच. जेवताना बोलणं नाही की कशात लक्ष नाही. कुठं शंकरपट असला की मात्र माणूस बदलायचा. कोणाचीही बैलजोडी मागून शर्यतीत हाकायला उभे. मग एक दिवस नोकरी सोडून ते विहिरी खोदणाऱ्या टोळीत गेले. सेवाग्रामच्या पलीकडे नव्या विहिरी होत होत्या, आणि काळा खडक लागला की सुरुंग लावावा लागे. शिकलेल्या माणसानं हे काम काऊन धरावं, असं सासरे सगळ्यांना विचारत. मीही विचारलं. मोकळ्या हवेत बरं वाटतं, एवढंच उत्तर मिळालं.

त्यानंतर ती खुशी सुरू झाली. रोज नाही, अधूनमधून. त्या दिवशी केस ओले, नीट विंचरलेले, अंगात धुतलेला सदरा. खडक फोडणारा माणूस धुळीनं माखून यायला हवा. हे कुठं आंघोळ करून येत होते? एकदा भुवई जळलेली दिसली. बिडी पेटवताना जळली म्हणाले. ते बिडी ओढतच नव्हते. त्यात शेजारीण सांगून गेली की विहिरीचं काम चाललंय त्या गावात एक एकटी बाई चहाचं दुकान चालवते. मी त्यांचे सदरे हुंगायला लागले. साबणाशिवाय कशाचाच वास येत नव्हता, आणि त्यानं संशय आणखीच वाढला.

शेवटी भाकरी बांधून, शेजारच्यांच्या बैलगाडीत बसून मी तिकडे गेले. चहाचं दुकान आधी लागलं. आत एक म्हातारी बाई झोपली होती. पुढं शेतात विहीर दिसली. माणसं लांब, दगडांच्या ढिगामागं बसलेली. त्यांच्यात हे नव्हते.

टोळीच्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं मला हाताला धरून खाली बसवलं. हे विहिरीत सुरुंगाला बत्ती द्यायला उतरले होते. धूर वर आला, पण माणूस येईना. मग काठावर डोकं दिसलं. पळत सुटायचं सोडून त्यांनी एकदा मागं वळून विहिरीत पाहिलं, आणि मग धावत येऊन आमच्याजवळ अंग टाकलं. लगेच जमीन हादरली. धुळीत त्यांचा चेहरा मी पाहिला. संध्याकाळी घरी यायचा तोच चेहरा होता.

मी काही बोलायच्या आत मिस्त्री म्हणाला, "पळायला वेळ भेटावा म्हणून मी सुरुंगाची वात लांब देतो बाई. खाली जाऊन हा आखूड कापते. मले आता आता समजलं."

घरी त्यांनी नाकारलं नाही. धुराचा वास घरी येऊ नये म्हणून तिथंच आंघोळ करत होतो, हेही सांगितलं. "लांब वात असली की काईच वाटत नाई," ते म्हणाले. "जिनिंगमधल्यासारखंच वाटते."

मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले आणि बत्तीचं काम यांच्याकडून काढून घ्या, असं मिस्त्रीला सांगितलं. त्यानं ते मनावर घेतलं. महिनाभर हे माझ्याशी धड बोलले नाहीत. मग मीच म्हटलं, शंकरपटात जा. तिथं निदान चारचौघांत असाल, आणि मीही येईन.

तेव्हापासून मी पटाला जायला लागले. बायकांच्या घोळक्यात उभी राहून मी शर्यत पाहत नसे, त्यांचे हात पाहत असे. कासरा मुद्दाम ढिला सोडतात का, हे मला बघायचं होतं. पुढच्या हिवाळ्यात एका पटात गाडी उलटली आणि त्यांचं गळ्याजवळचं हाड मोडलं. कासरा आपोआप निसटला, असं ते म्हणाले. सासूबाईंना ते पटलं. मी त्या दिवशीही त्यांचे हातच पाहत होते; मी हळदीचा लेप लावत राहिले.