गयामावशीचा पेला

रफीकभाईंचा फोन आला तेव्हा मी हिंगोलीत, शाळेतून येऊन नुकती पायांवर पाणी घेत होते. गोरेगाव ते हिंगोली जीप चालवणारा हा माणूस कामाशिवाय फोन करत नाही, आणि काम असलं तरी आधी घरातल्या एकेकाची तब्येत विचारून घेतो. त्या दिवशी त्यांनी काहीच विचारलं नाही. "बाई, गिरणी बंद हाय आज," एवढंच म्हणाले. मला कळायचं ते कळलं. गोरेगावच्या बाजारगल्लीतली ती पिठाची गिरणी लाइट नसली तरी उघडीच असायची. गयामावशी आत डब्यांच्या रांगेशी बसलेली असायची, भुवयांवर पीठ, पदर कमरेला खोचलेला, आणि समोर कोणीतरी तिच्या तावडीत सापडलेलं. त्याला आता सव्वा महिना होईल. अजून गोरेगावला जायची जीप दिसली की वाटतं, बसावं, जावं, आणि तिने विचारावं, "काहून आले बाई, शाळा न्हाई का आज?"

हे 'काहून' तिच्या तोंडात कायम. गावातली लेकरं तिला काहूनमावशीच म्हणायची, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. नव्वद सालानंतर कधीतरी माझी पहिली नेमणूक गोरेगावच्या शाळेत झाली, तेव्हा गिरणीमागची खोली मी भाड्याने घेतली. सामान टेकवायच्या आतच तिची चौकशी सुरू झाली होती. लग्न काहून न्हाई केलं अजून? पृथ्वी फिरून राहिली तर डब्यातलं पीठ काहून सांडत न्हाई? मी भूगोल शिकवते हे कळल्यावर तर माझी सुटकाच नव्हती. पहिलं वर्षभर मला तिचा राग यायचा. वर्गात साठ पोरं, आणि घरी आल्यावर ही एकसष्टावी. पण ती उगाच विचारायची नाही हे हळूहळू लक्षात आलं. उत्तर ऐकून घ्यायची, गप्प व्हायची, आणि दोन दिवसांनी त्या उत्तरावर पुढचा प्रश्न घेऊन यायची. असा विद्यार्थी मला नंतर कधी मिळाला नाही.

तिचे यजमान किसनराव. दिवसा हा माणूस म्हणजे लाख मोलाचा. गिरणीचा पट्टा तुटला तरी चिडायचा नाही, बायामाणसांची थट्टा करत दळण उरकायचा, माझ्या पिशवीला हात लावताना "मास्तरीणबाईचं पीठ शुद्धलेखनासारखं बारीक पाहिजे" म्हणायचा. दिवेलागण झाली की मात्र गिरणी मावशीवर सोडून जायचा आणि देशीची बाटली घेऊन यायचा. आरडाओरड नाही, मारहाण नाही. घराच्या ओट्यावर भिंतीला टेकून बसायचा आणि स्टीलच्या एका उंच पेल्यातून सावकाश प्यायचा. तो पेला खरं तर मावशीचा. लग्नात तिच्या मामाने दिलेला, त्यावर 'गयास मामाकडून' असं कोरलेलं. त्या पेल्याशी आणि समोरच्या अंधाराशी त्याचं जे काही चाले, त्यात कोणाला शिरकाव नव्हता. मावशी त्याच्यासमोर भाकरीचं ताट ठेवायची आणि रोज नाही, पण पुष्कळदा, विचारायची. माझ्या खोलीच्या खिडकीतून मला ते ऐकू यायचं.

"काय लागते ओ चवीला?"

"तुला न्हाई कळायचं."

बस, एवढंच. भांडण नव्हतं ते. पण गिरणीवर आलेल्या प्रत्येकाच्या पोटातलं काढून घेणाऱ्या बाईला स्वतःच्या ओट्यावर बसलेला माणूस काही सांगत नव्हता. मी नंतर संसार केला, त्यामुळे आता मला कळतं की त्या तीन शब्दांनी तिला किती लागत असेल. तेव्हा मला ती नवरा-बायकोची नेहमीची कुरबुर वाटायची. पुढे किसनरावांना कावीळ झाली, पोट फुगलं, हिंगोलीच्या दवाखान्याच्या खेपा झाल्या, आणि एका उन्हाळ्यात ते गेले. मुलगा पुण्याला कंपनीत लागला होता. तो ये म्हणत असतानाही मावशी गेली नाही. गिरणी तिने एकटीने चालवली. पेला फळीवर पालथा घालून ठेवलेला असायचा, त्यातून कोणी पीत नसे.

ती सहल निघाली त्याला आता दहा-बारा वर्षं झाली. हिंगोली नवा जिल्हा होऊन थोडे दिवस झालेले, गावोगावी बायकांचे बचत गट निघालेले. आमच्या गटाने एक दिवस कुठेतरी जायचं ठरवलं. अध्यक्ष सरुबाई, गळ्यात तुळशीची माळ, त्यांच्या मनात औंढा नागनाथ. मावशी म्हणाली, औंढ्याला तर आपण दर साली जाऊन राहिलो, सहस्रकुंडाचा धबधबा कोणी पाहिला का? मग नांदेडचा किल्ला. आणि येताना अर्धापूरच्या अलीकडे एकाने द्राक्षाचा कारखाना काढला हाय म्हणे, तोही पाहू. सरुबाईंना वाटलं मनुके बनत असतील. मी रफीकभाईंकडे पाहिलं, तर ते जीपची काच पुसण्यात एकदम गुंग झाले. तो कारखाना कसला, हे मावशीला त्यांनीच सांगितलं होतं, आणि मला ते तेव्हाच कळायला हवं होतं.

पोळा होऊन गेला होता, नद्या भरलेल्या. उजाडायच्या आत निघालो. वारंगा फाट्याला चहा, मग हदगाव, हिमायतनगर. सहस्रकुंडाला पैनगंगा काळ्या खडकावरून खाली कोसळते तेव्हा आवाजाने शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. आमच्या बायका हात जोडून उभ्या राहिल्या, आणि मावशी तिथल्या पुजाऱ्याला गाठून ओरडून विचारत होती की हजार कुंडं हायत हे मोजलं कोणी. तो बिचारा परशुरामाची गोष्ट सांगायला लागला, तर हिचं पुढचं तयार: पलीकडचा काठ यवतमाळ जिल्ह्याचा, मग खाली पडणारं पाणी कोणाचं? पुजारी हसला आणि म्हणाला, आजी, पडेपर्यंत दोघांचं, पडल्यावर देवाचं. हे उत्तर तिला पसंत पडलं. मग तिने खांद्याच्या पिशवीतून पेला काढला. तोच पेला. घासून लखलखीत केलेला. काठाशी जपून वाकली, पेलाभर गढूळ पाणी घेतलं, एक घोट घेतला आणि म्हणाली, "मातीच लागते. पण आपल्या गोरेगावच्या मातीवाणी न्हाई." मी तिला म्हटलं, मावशी, पोट बिघडेल. तिने ऐकल्याचं दाखवलं नाही.

नांदेडला पोचेस्तोवर दुपार कलली होती. गोदावरीकाठच्या त्या किल्ल्यात आता पाहण्यासारखं फार उरलेलं नाही. बुरूज, पडकी तटबंदी, झाडोरा. पण मावशीला त्यात काय काय दिसत होतं कोण जाणे. मी शाळेत शिकवते तसं घराण्यांची नावं सांगायला लागले, तर तिने मला थांबवलं. तिला राजे नको होते. इतक्या शिपायांच्या भाकरी कुठं भाजायच्या? पीठ कोण दळायचं? आणि इथल्या बायका सकाळी कुठं जायच्या, नदी तर तटाच्या पलीकडं? सरुबाई लाजून लाल झाल्या आणि मग त्याच तटावरून वाकून जागा शोधायला लागल्या. आम्ही इतक्या हसलो की तिथला रखवालदार उठून बघायला आला. मावशीने तिथेही नळाला पेला लावला, चव घेतली, मान हलवली. तोवर मला वाटत होतं, म्हातारीला एक खेळ सापडलाय.

द्राक्षाच्या कारखान्याचा मालक हा शिकलेला तरुण मुलगा होता, नाशिककडून बरंच काही पाहून आलेला. आमच्याकडच्या उन्हात त्याची बाग तग धरेल का याची त्यालाच खात्री नव्हती, पण हौस दांडगी. टाक्या दाखवल्या, लाकडी पिंपं दाखवली, आणि मग टेबलावर काचेचे उभे ग्लास मांडले. तेव्हा कुठे सरुबाईंच्या लक्षात आलं की हे मनुके नव्हेत. माळेला हात लावून त्या ज्या बाहेर पडल्या, त्या थेट जीपमध्ये जाऊन बसल्या. रफीकभाई आधीपासून तिथे होतेच. माळकरी सरुबाई आणि पाच वेळा नमाज पढणारे रफीकभाई, दोघं तोंड फिरवून एकाच बाकावर बसलेत, हे दृश्य मला अजून आठवतं आणि हसू येतं. बाकीच्या बायका पदर तोंडाला लावून एकमेकींना ढोसत होत्या. मावशीने ग्लास बाजूला सारून आपला पेला पुढे केला. मुलगा म्हणाला, आजी, काचेत घ्या, रंग दिसतो. "रंग न्हाई पाहायचा मला," ती म्हणाली. मग त्याने समजावलं की आधी वास घ्यायचा, पेला जरा फिरवायचा, मग छोटा घोट, तोंडात खेळवायचा. तिने तसंच केलं. अगदी मन लावून. आधी पांढरी वाइन चाखून झाली, मग लाल. मी तिचा चेहरा बघत होते. तिने खूप विचारलं त्याला... किती दिवस मुरवतात, आंबट काहून, साखर घालतात का. तो मुलगा खुलला होता, असं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटलं असणार. आणि मग तिने पेला खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. "चांगली हाय बाई," ती हळूच म्हणाली. "पण ही ती न्हाई."

तेव्हा, इतक्या उशिरा, माझ्या डोक्यात उजेड पडला. ही बाई कशाला निघाली होती, ओळखीच्या माणसांपासून इतक्या लांब, पिशवीत पेला घेऊन... मला एकदम भडभडून आलं. बाकीच्या बायका काकवीसारखी लागते की चिंचेच्या कोळासारखी यावर वाद घालत होत्या.

परतताना वारंगा फाट्याला पुन्हा थांबलो. दिवे लागायची वेळ. बायका भज्यांच्या गाड्याभोवती जमल्या. रस्त्यापलीकडे देशी दारूचं दुकान होतं, जाळीची खिडकी, बाहेर ट्रकवाल्यांचा घोळका. मावशी रफीकभाईंना काहीतरी म्हणाली, त्यांनी कानाला हात लावले. मग ती माझ्याकडे आली नाही. मी शाळेची बाई, मला अडचणीत टाकायचं नाही, एवढा विचार तिने केला असणार. ती सरळ रस्ता ओलांडून चालायला लागली. मी मागे गेले. रफीकभाईही दोन पावलांवर येऊन उभे राहिले, राहवेना त्यांना. घोळका आपोआप बाजूला झाला. जाळीतल्या माणसाने विचारलं, "कोणासाठी पाहिजे, आजी?"

"माह्यासाठी," ती म्हणाली.

त्याने छोटी बाटली दिली, तिने तिथेच ती उघडून पेल्यात थोडी ओतली आणि बाटली परत खिडकीत ठेवली. आम्ही एका उभ्या ट्रकच्या आडोशाला गेलो. तिने पेला फिरवला नाही. एक मोठा घोट घेतला, डोळे घट्ट मिटले, खोकली, पाणी आलं डोळ्यांतून. बराच वेळ जिभेने तोंडात काहीतरी शोधत राहिली. मग म्हणाली, "जाळ हाय नुसता. चवच न्हाई बाई याला. सांगन्यासारखं काही नव्हतंच तर सांगनार काय होते ते?"

तिच्या आवाजात राग नव्हता. गणित सुटल्यावर पोरांचा चेहरा होतो ना, तसा तिचा चेहरा झाला होता. मला वाटलं, आता ती उरलेली ओतून टाकेल. तिने पेला नाकाशी नेला आणि तिथेच धरून ठेवला. हायवेवरून गाड्या जात होत्या, पलीकडे बायका आम्हाला हाका मारत होत्या, आणि ती पेल्यात तोंड घालून उभी होती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा तिने मान वर केली.

"चवीचं इचारत बसले मी इतके वर्सं," ती म्हणाली. "वास तर मला ठावाच होता की."

जीपमध्ये ती पुढच्या सीटवर बसली, पेल्यावर पदर झाकून, दोन्ही हातांत धरून. सरुबाईंना वास आला नसेल असं नाही, पण त्यांनी खिडकीकडे तोंड करून अभंग सुरू केला आणि कळमनुरीपर्यंत थांबल्या नाहीत. रफीकभाईंनी प्रत्येक खड्डा चुकवला. हा माणूस एरवी खड्ड्यांशी वैर धरून गाडी चालवतो. तरीही घरी पोचेपर्यंत निम्मं सांडलंच असेल. त्या दिवसापासून पेला फळीवरून खाली आला. मावशी रोज संध्याकाळी ओट्यावर बसून त्यातून पाणी प्यायची. दारू पुन्हा नाही, नावसुद्धा नाही. पण पिण्याआधी पेला नाकाशी न्यायची, मग घोट घ्यायची. माझी बदली हिंगोलीला झाल्यावर मी जायचे तेव्हा मलाही त्याच पेल्यात पाणी द्यायची, आणि मी पीत असताना टक लावून बघायची.

मुलगा पुण्याहून आला, दिवस केले. गिरणी विकायचं म्हणतोय, त्याच्या जागी मी असते तर मीही काय वेगळं केलं असतं? त्याने मला आठवण म्हणून काहीतरी न्या म्हटलं. मी पेला मागितला तर तो गोंधळला, चांगलं लुगडं न्या म्हणाला. घरच्या बायकांनी भांडी राखेने घासून ठेवली होती. 'गयास मामाकडून' यातलं 'गयास' तेवढं आता नीट वाचता येतं.

संध्याकाळी शाळेतून आले की मी त्यात पाणी घेते. वास घेते. कशाचाच नाही येत, राखेचाही नाही. परवा माझी मुलगी, कॉलेजात आहे ती, अभ्यास सोडून बघत होती. म्हणाली, "आई, पाण्याचा काय वास घेतेस गं रोज?"

ओठांवर आलंच होतं माझ्या, तुला नाही कळायचं.

मी गिळलं ते. सरकून तिला जवळ जागा केली आणि पेला तिच्या हातात दिला.