मिनेकोने काढलेली आत्या

तोमे कासाईच्या दारात रडत आलेल्या माणसाला आधी बोलणी खावी लागत.

"पाय पूस. हात धू. नाक शिंकर आणि मग बस," ती म्हणायची. "तुझा नवरा एवढ्या लांबून येणार, त्याला काय हे मुसमुसणं ऐकवायचंय?"

माणूस जाऊन शंभर दिवस उलटले नसतील, तर ती उंबऱ्यावरूनच परत पाठवी. गावातला बर्फाचा कारखानदार एकदा मुलगी गेल्यावर महिनाभरातच मोटार घेऊन आला होता. "ती अजून वाटेत आहे," तोमे म्हणाली, "तिला मागे वळायला लावू नका." तो हातापाया पडला, मग चिडला, शेवटी निघून गेला. पुढे मुदत सरली तरी तो लाजेने फिरकेना, तेव्हा ऐन बर्फात काठी टेकत तोमेच त्याच्या घरी गेली आणि म्हणाली, "चला, आता बोलावू या पोरीला."

अशी ती होती. गावात तिला लोक घाबरत, आणि घरात कुणी गेलं की पहिली आठवणही तिचीच काढत.

गोवराने तिचे डोळे गेले तेव्हा ती दुधाचे दात पडायच्या आतली पोर होती. जपानच्या उत्तर टोकाला, सुगारूच्या त्या किनाऱ्यावर आंधळ्या मुलीला दोनच वाटा होत्या. लोकांची अंगं रगडून द्यायची, नाहीतर मेलेल्यांना बोलावणारी इताको व्हायचं. आईने तिला एका म्हाताऱ्या इताकोकडे नेऊन सोडलं. हिवाळ्यात अंगावर विहिरीचं पाणी ओतून घेत, चुकलं की चिलमीच्या दांडीचा मार खात तिने सगळे मंत्र कानाने पाठ केले. मग एके दिवशी तिला नवरीसारखं सजवलं, देवाशी लग्न लावलं, आणि ती गावी परत आली.

काळ्या मण्यांची लांब माळ दोन्ही हातांत घासत ती मंत्र म्हणायला लागली, की थोड्या वेळाने तिचा आवाज पडायचा आणि मेलेलं माणूस बोलायला लागायचं. त्यानंतरचं तिला काही आठवत नसे. आलेली माणसंही रडण्याच्या भरात निम्मं ऐकत नसत. म्हणून कुणीतरी शेजारी बसून ते शब्द लक्षात ठेवायला लागत. हे काम मिनेको करायची.

मिनेको तोमेच्या भावाची मुलगी. आई वारली, बाप हिवाळी कामाला तोक्योला गेला तो तिकडेच दुसरा संसार मांडून बसला. तोमेने पोरीला वाढवलं, आणि पोर तिचे डोळे झाली. सरकत्या दाराआड बसून ती सगळं ऐकायची, नंतर चहा देताना हलक्या आवाजात आलेल्या माणसाला शब्दन् शब्द सांगायची. तिची स्मरणशक्ती विलक्षण होती. तोमेने तिला एकच ताकीद दिली होती.

"सांगून झालं की विसरायचं. त्यांचं त्यांनी घेऊन जायचं. आपल्याकडे काही ठेवायचं नाही."

"हो, आत्या."

त्याच वर्षांत केव्हातरी फुसा आली होती. तिचा नवरा माकुळं पकडणाऱ्या बोटीवर होता, वादळात गेला. प्रेतही मिळालं नाही. फुसाने कुणालाही न सांगितलेली गोष्ट त्या खोलीत सांगितली. त्या सकाळी नवऱ्याच्या दारूवरून भांडण झालं होतं. ती धक्क्यापर्यंत त्याच्या मागे गेली, आणि त्याच्या डोळ्यांदेखत त्याचा डबा पाण्यात फेकून म्हणाली, "जा उपाशी. आणि परत येऊ नकोस." धक्क्यावर तेव्हा दुसरं कुणी नव्हतं.

मग तोमेच्या तोंडून नवरा बोलला. डब्याचं मी मनात धरलेलं नाही, म्हणाला. पोराला बोटीवर पाठवू नकोस, म्हणाला. फुसाने सासूचा विरोध पत्करून बोट विकली आणि मुलाला सेंदाईला सुताराच्या हाताखाली घातलं. ती पुन्हा झोपायला लागली.

मिनेको मोठी झाली, चित्रं चांगली काढायची, तोक्योला गेली. काही वर्षांनी फोनवर म्हणाली, "आत्या, माझी मंगा, चित्रांतली गोष्ट, छापून यायला लागली. मुलींच्या मासिकात. नायिका इताको आहे."

"बरं," तोमे म्हणाली. "जेवतेस ना नीट?"

पण त्या दिवशी गावाच्या सामाईक न्हाणीघरात तिने स्वतःहून विषय काढला. "आमच्या मिनेकोचं पुस्तकात येतं आता," असं तिने तीन-चार जणींना ऐकवलं. स्वतःहून एवढं बोललेली तोमे त्या बायकांनी पहिल्यांदाच पाहिली.

पुढच्या वर्षी बर्फ वितळत असताना न्हाणीघरातली बोलणी बदलली. तोमे आत शिरली की बायका गप्प व्हायच्या. घरी येणारे कमी झाले. आले ते बाहेरच्या गावचे. आंधळ्या माणसाला शांततेचे प्रकार कळतात. ही शांतता तिला नवी होती.

आणि एका दुपारी फुसा आली. तिने पाय पुसले, हात धुतले, बसली.

"तोमे-सान, तुम्हाला काही वाचून दाखवायचंय."

"काय?"

"तुमच्या भाचीचं. केस कापायच्या दुकानात सापडलं. माझ्या जावेला."

पान उलटल्याचा आवाज आला. फुसा एकेक चौकट सांगू लागली. आवाजात चढउतार नव्हता.

"पहिल्या चित्रात तुमची नायिका आहे. ओतोवा नाव. तरुण आहे, केस लांब आहेत. डोळे मोठाले आहेत."

"आंधळी आहे ना?"

"नाही. चांगलं दिसतं तिला." पान उलटलं. "आता एक बाई रडत येते. नवरा माकुळाच्या बोटीवरचा, वादळात गेलेला. ओतोवा म्हणते, आधी नाक शिंकर. पुढच्या चित्रात धक्का. बाईच्या हातात डबा आहे. पुढच्या चित्रात डबा हवेत. भाताचे मुटके सुटे होऊन पडताना दाखवलेत. खूप छान काढलेत, तोमे-सान. खाली लिहिलंय, जा उपाशी, आणि परत येऊ नकोस."

तोमेच्या हातातली माळ थांबली.

"माझ्या सासूला इतकी वर्षं वाटत होतं, तिचा पोरगा पोटभर जेवून गेला," फुसा म्हणाली. "जावेने तिला हेच पान नेऊन दाखवलं. आता ती माझ्या हातचं पाणी घेत नाही. तुम्ही सांगितलंत का कुणाला?"

"नाही."

"मग?"

तोमे उत्तर देऊ शकली असती. त्या खोलीत तिसरे कान कुणाचे होते हे दोघींनाही माहीत होतं. पण मिनेकोचं नाव तिच्या तोंडून निघेना.

"अजून एक पान आहे," फुसा म्हणाली. "बाई निघून जाते. ओतोवा एकटी बसलेली असते. तोंड पुसते आणि स्वतःशीच म्हणते, मेलेली माणसं बोलत नाहीत, पण जिवंत माणसांना झोप लागायला हवी." तिने मासिक मिटलं. "खरं का हे? मी त्या शब्दांवर बोट विकली. पोराला लांब पाठवलं. ते माझ्या नवऱ्याचे होते की तुमचे?"

"मला आठवत नाही, फुसा. मला कधीच आठवत नाही."

"हे फार सोयीचं आहे, तोमे-सान," फुसा म्हणाली, आणि उठून गेली.

उन्हाळ्यात पितरांच्या सणाला मिनेको आली. तोक्योची मिठाई, आत्यासाठी नवा किमोनो, ओझंभर सामान. तोमेने तिला आधी जेवायला घातलं. भांडी आवरून झाल्यावर विचारलं,

"फुसाचं का काढलंस?"

"नाव बदललंय, आत्या. गावही बदललंय."

"डबा नाही बदललास."

"डबा काढून टाकला असता तर ते पान उभंच राहत नव्हतं."

"मग नसतं राहिलं."

"तुला नाही कळायचं. कुठकुठल्या मुली मला लिहितात. ओतोवासारखं व्हायचंय म्हणतात. कडक, फटकळ, पण माणसासाठी जीव टाकणारी. ती तूच आहेस. तुझ्यावरच्या मायेनेच काढलीय मी तिला."

"तिला डोळे दिलेस."

"आंधळी नायिका संपादकांना नको होती."

"आणि खोटं बोलायला लावलंस."

"चांगल्यासाठी बोलते ती."

"तुला तसं वाटायचं?" तोमेने विचारलं. "तिथे दाराआड बसून? माझं बोलणं लोकांना परत सांगताना?"

बाहेर कुठेतरी सणाचे ढोल चालू होते.

"मी लहान असताना म्हटलं होतं, माझ्या आईला बोलाव. तू म्हणालीस, घरच्यांसाठी बोलावत नाहीत. मी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा तू मला थोबाडलंस. तेव्हा मला वाटलं, हिला येतच नसणार. लोकांच्या बाबतीत खपून जातं. मी तर आईचा आवाज ओळखला असता."

"माझ्या गुरूचा नियम होता तो."

"मला कुठे माहीत होतं?"

तोमेला बोलायचं होतं ते आता नीट जुळेना. पोरीने लोकांचं गुपित विकलं हा राग एका जागी होता. पण ज्या मुलीचा हात धरून आपण आयुष्यभर चाललो, ती त्यातला एक दिवसही आपल्यावर विश्वास ठेवून चालत नव्हती, हे त्याच्याही खाली जाऊन बसलं. रागाला निदान शब्द तरी होते.

"पुढचे भाग थांबव," ती एवढंच म्हणाली.

"करार झालाय, आत्या. थांबवता येत नाही."

मिनेको ठरल्यापेक्षा लवकर परत गेली.

सण संपल्यावर फुसाची सासू आली. मात्सू म्हातारी, कमरेत पार वाकलेली. कुणाचाही हात न धरता चढ चढून आली.

"माझ्या पोराला बोलाव, तोमे. मला त्याला एकच विचारायचंय. उपाशी गेला का तो?"

तोमेने माळ घेतली. मंत्र म्हटले, एकदा संपवून पुन्हा पहिल्यापासून म्हटले. नेहमी आवाज पडायचा ती वेळ आली आणि तिला काहीतरी ऐकू आलं. तिचाच आवाज होता. थकलेला, कफाने भरलेला, एका बाईचा आवाज. जिभेवर शब्द तयार होते. पोटभर जेवून गेलो, आई. म्हणायला काहीच अवघड नव्हतं, म्हातारी सुखाने घरी गेली असती. पण हे शब्द कुठून आले ते या वेळी तोमेला पक्कं माहीत होतं.

तिने माळ खाली ठेवली.

"आला नाही."

"म्हणजे?"

"येत नाहीये. मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही."

"मग मी कुणाला विचारू?" मात्सू म्हणाली. आवाज लहान मुलासारखा झाला होता.

"घरात सून आहे. ती होती तिथे. तिला विचार. पण पाणी घे आधी तिच्या हातचं, मग विचार."

"मला शिकवतेस?"

"हो," तोमे म्हणाली.

मात्सूने विचारलं की नाही, ते तोमेपर्यंत आलं नाही. थंडी सुरू झाल्यावर न्हाणीघरात फुसाचा आवाज कानावर पडला. सासूची पाठ चोळताना ती पाणी फार गरम आहे का असं विचारत होती, आणि म्हातारी कुरकुरत होती. फुसा तोमेशी बोलली नाही. पुढेही कधी बोलली नाही.

त्यानंतर तोमेने मेलेल्यांना बोलावणं सोडलं. आलेल्यांना ती खाडीपलीकडच्या गावातल्या इताकोचा पत्ता द्यायची आणि आधीसारखीच रागावून पाठवायची, "तिथे तरी रडत जाऊ नका." पोटासाठी ती कोळ्यांच्या पाठी रगडू लागली. हात कडक होते, लोक ओरडायचे, पण परत यायचे.

ओतोवाची मंगा पुष्कळ वर्षं चालली. मिनेको दर उन्हाळ्यात येत राहिली. तोमे तिच्यासाठी शिंपल्यांचं कालवण करायची, अंथरूण घालायची, स्टेशनवर सोडायलाही जायची. बोलायची ते थंडीबद्दल, मासळीबद्दल, छपराबद्दल. एकदा रात्रीच्या जेवणानंतर मिनेको जवळ सरकून म्हणाली, "आत्या, काहीतरी सांग ना. तुझ्या गुरूचं, तू शिकत होतीस तेव्हाचं."

"सांगण्यासारखं काही नाही," तोमे म्हणाली. "भात वाढू का अजून?"