तेजरामची झेंडी

करडीच्या तेजरामनं जन्मभर एक काम असं केलं, की त्यात त्याला कुणी "काहून?" म्हणून विचारलं नाही. शंकरपटाच्या शेवटच्या टोकाला उभं राहायचं, दोन बैलजोड्या धुरळा उडवत येताना बघायच्या आणि जिची नाकं आधी रेषेवर आली तिच्या बाजूला लाल झेंडी टाकायची. झेंडी पडली की विषय खल्लास. एरवी तो लोकांच्या धानाच्या बांध्यांत रोवणीला जाणारा, घरचा तुकडाभर धान कसणारा साधा माणूस. पण पटाच्या दिवशी मोठमोठे जोडीवाले त्याच्या मनगटाकडं डोळे लावून बसायचे. बौद्ध मोहल्ल्यातला माणूस निकाल देतो आणि सगळं गाव तो मुकाट्यानं घेतं, याचं त्याला किती अप्रूप होतं ते त्याच्या बायकोला, वच्छलाला, विचारा. ती झेंडी तो स्वतःच्या हातानं धुवायचा. बायकोलासुद्धा हात लावू द्यायचा नाही, एवढा तोरा!

मग कोर्टानं पटावर बंदी आणली. बैल गोठ्यात बसले, मैदानावर गवत वाढलं. धान घरात आलं, हिवाळा पडला की माणसांना करमेना. अशा वेळी आंधळगावच्या टिकारामच्या डोक्यात किडा वळवळला. हा टिकाराम गॅरेजवाला. त्याच्या आवारात जुन्या मारुती गाड्या गंजत पडल्या होत्या, कुणाची काच नाही, कुणाचं दार नाही. "बैल नाही त नाही, गाड्या त आहेत ना बे!" म्हणाला, आणि गावाला पटलंसुद्धा. पटायचंच. रिकाम्या माणसाला काय पटत नाही?

आता अक्कल बघा यांची. पटाची जी सरळ वाट होती तिच्यावरच दोन गाड्या सोडल्या. बैलाला कळतं, रेष आली, माणसं आली, आता थांबायचं. मारुतीला कुठलं कळायला? तिचे ब्रेक तर नावालाच होते. दोन्ही गाड्या रेष ओलांडून, तेजरामला बाजूला उडी मारायला लावून, मातीच्या पाळीवर चढल्या आणि थेट पलीकडच्या बोडीत, पाण्यात जाऊन बसल्या. चालवणारे गुडघाभर चिखलातून हसत बाहेर आले. गाड्या काढायला शेवटी, एकेकाळी पटात जोडी उतरवणाऱ्या कृष्णरावांनी आपले बैल दिले. बंदी पळवण्यावर आहे, ओढण्यावर नाही, असं म्हणाले. पण त्या गडबडीतही तेजरामनं उडी मारता मारता झेंडी टाकली होती आणि ती बरोबर पडली होती. लोक वर्षभर तेच सांगत होते.

पुढल्या साली टिकारामनं मोबाइलवर कुठल्या तरी परदेशातल्या शर्यती पाहिल्या. तिकडं म्हणे अशाच जुन्या, बारक्या गाड्या काचा काढून, दारं बांधून एवढ्याशा गोल वाटेवर पळवतात, एकमेकांना घासतात आणि लोक त्यासाठी तिकीट काढून येतात. झालं! कृष्णरावांच्या तीन बांध्या एक केल्या, मधले धुरे सपाट केले, कडेनं तणसाचे, म्हणजे धानाच्या पेंढ्याचे, भारे रचले. गाड्या कुठल्या अंगानं फिरवायच्या यावरून भांडण पेटलं, तेव्हा तेजरामनंच सांगितलं, खळ्यावर धान चुरताना बैल फिरायचे तशाच फिरवा. लोकांनी त्या खेळाला नाव दिलं गाडीपट. नियम टिकारामनं भोंग्यावरून सांगितला: हॉर्न वाजेपर्यंत फिरत राहायचं, ज्याच्या चकरा जास्त तो पहिला. तेजरामनं मान डोलावली. त्याला त्यात नवीन काही दिसलं नाही. जो पुढं असेल त्याच्याच चकरा जास्त असणार, हे काय सांगायला पाहिजे?

काही वर्षांनी बंदी उठली, पट परत सुरू झाला. आणि बाप्पा, पटाबरोबर घड्याळं आली! रेषेवर दोन खांब, खांबात डोळे, बैलाचं नाक आलं की आकडा लागतो. तेजरामला कुणी जा म्हणालं नाही, पण ये असंही म्हणालं नाही. पहिल्या दिवशी तो झेंडी घेऊन गेला आणि खांबाच्या बाजूला उभा राहून आला. आता त्याच्या झेंडीला जागा उरली होती ती फक्त पटानंतरच्या दिवशीच्या गाडीपटात.

त्याच गाडीपटात त्याची पोरगी उतरली. तृप्ती. तुमसरला बायकांना मोटार शिकवायची नोकरी करते, बापाइतकीच कमी बोलते. टिकारामकडून एक भंगार गाडी तिनं घेतली आणि रविवार-रविवार खपून ती उभी केली. तेजरामला आनंद झाला की भीती वाटली, त्याचं त्याला कळलं नाही. वच्छलाला तो म्हणाला, "पोरगी गाडी पळवून राहिली, बाप झेंडी टाकून राहिला. लोक काय म्हणतील?"

"बरोबर झेंडी टाका, काही म्हणत नाही," वच्छला म्हणाली.

शेवटच्या फेरीत गाड्या बंद पडत पडत दोनच उरल्या. एक तृप्तीची, दुसरी कृष्णरावांच्या पोराची, निकेशची. निकेशच्या पांढऱ्या गाडीला एक निळं दार होतं, दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचं. धुरळा असा की गाडी कमी आणि आवाज जास्त. तेजराम डोळे फाडून रेषेकडं बघत होता. हॉर्न वाजला. धुरळ्यातून आधी निळं दार आलं, त्याला अगदी चिकटून मागून तृप्ती आली. झेंडी निकेशच्या अंगाला पडली. सगळ्यांनी आधी टिकारामकडं पाहिलं आणि मग टाळ्या वाजल्या. बक्षिसाची ढाल निकेशला मिळाली. पोरीची बाजू घेतली नाही म्हणून तेजरामची छाती फुगली होती.

घरी आल्यावर तृप्तीनं हातपाय धुतले, चहा घेतला आणि शांतपणे म्हणाली, "बाबा, मी त्याच्या मागं नव्हती. मी त्याच्या एक चक्कर पुढं होती."

तेजरामला वाटलं, पोरगी हरली म्हणून काहीतरी बोलून राहिली. "मी माझ्या डोळ्यानं पाह्यलं. तो पुढं होता, तू मागं होती."

"मागं होती म्हणूनच पुढं होती ना, बाबा."

आता याला काय म्हणायचं? मागं होती म्हणून पुढं होती! तेजरामनं बायकोकडं पाहिलं, तर ती तांदूळ निवडत बसली. तृप्ती पुन्हा त्या विषयावर बोलली नाही. मैदानावरही बोलली नव्हती, घरीही एकदाच बोलली. हीच तर गोम होती. भांडली असती तर तेजराम तिला दोन शब्द सुनावून मोकळा झाला असता. न भांडणाऱ्या माणसाचं काय करायचं?

डोक्यात भुंगा शिरला तो शिरलाच. रोवणीच्या चिखलात उभा राहून तो विचार करायचा, मागं असणारा पुढं कसा? धानाला पाणी धरताना तेच. एक दिवस तर त्यानं वच्छलाला घराभोवती चालायला लावलं. "तू हळू चाल, मी जोरानं चालतो." बाई बिचारी चालली. हा तिला मागं टाकून गेला, घराला पूर्ण वळसा घातला आणि पुन्हा तिच्या पाठीशी येऊन थांबला.

"आता कोण पुढं?" त्यानं विचारलं.

"माझ्या मागं काहून लागले तुमी? लोक पाहून राहिले!" वच्छला म्हणाली. शेजारच्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. तेजरामनं तिची पाठ पाहिली. पाठ दिसते म्हणजे ती पुढं आहे. झालं, गाडी पुन्हा तिथंच! त्यानं हात टेकले.

यंदा गाडीपटाच्या आदल्या दिवशी, दुपारी, तृप्ती म्हणाली, "चला बाबा, बसा गाडीत." वाट तयार झाली होती, तणसाचे भारे लागले होते आणि निकेश आपली निळ्या दाराची गाडी घेऊन सराव करत होता. तेजराम आयुष्यात पहिल्यांदा त्या वाटेवर रेषेवर उभा न राहता, गाडीत बसून गेला. पहिल्याच वळणावर त्यानं "अरे बाप्पा!" म्हणून दाराला बांधलेली तार धरली.

तृप्तीनं निकेशला गाठलं, बाजूनं काढली. निकेशनं हात वर करून "जय भीम, काका!" म्हटलं. तेजरामनं मान वळवून पाहिलं, निळं दार मागं राहिलं, धुरळ्यात दिसेनासं झालं. तृप्ती गाडी दाबत राहिली. वळण, सरळ, वळण. आणि तेजराम समोर बघतो तर काय, पुढं पांढरी गाडी. तिला निळं दार.

"हा त मागं राह्यला होता! पुढं कवा आला?"

"तो पुढं नाही आला, बाबा. आपण फिरून त्याच्या मागं आलो."

तेजराम त्या निळ्या दाराकडं बघत राहिला. मग म्हणाला, "गाडी थांबव." उतरून तणसाच्या भाऱ्याआड जाऊन तो भडाभडा ओकला. तृप्तीला वाटलं चकरांनी मळमळलं. थोडं ते होतंच. बाकीचं होतं ते मागच्या सालच्या झेंडीचं.

रात्रभर त्याला वाटत होतं, तोंड उघडलं तर लोक म्हणतील, पोरीसाठी फिरला. झेंडीवरचा विश्वास गेला तर आपल्याजवळ राहतं काय? एक लाल फडकं. आणि नाही उघडलं, तर पोरगी जन्मभर काही बोलणार नाही, हे त्याला जास्त सोसवेना.

दुसऱ्या दिवशी गाड्या रांगेत लागल्या, तेव्हा तो टिकारामच्या हातातला माइक मागून उभा राहिला. आवाज फाटला. "मागच्या साली माझी झेंडी चुकली. पहिला नंबर तृप्तीचा होता. मले समजलं नव्हतं." एवढंच बोलला आणि आता ओरडतील, शिव्या घालतील म्हणून खांदे आवळून थांबला.

कुणी ओरडलं नाही. कुणी चकितसुद्धा झालं नाही. टिकाराम चपलेनं माती उकरायला लागला. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. तेजरामला काही उमगेना. एवढी मोठी गोष्ट सांगितली, आणि हे लोक असे काय बसलेत?

निकेश आपल्या गाडीपाशी गेला, डिक्की उघडली आणि जुन्या पोत्यात गुंडाळलेली ढाल काढून घेऊन आला. "घरी लावलीच नाही, काका. तवापासून डिक्कीतच आहे."

"म्हणजे तुले मालूम होतं?"

"सगळ्याइलेच मालूम होतं."

"मंग बोलले काहून नाही बे कोणी?"

निकेशनं ढाल तृप्तीच्या हातात दिली. "तुमची झेंडी पडली होती ना, काका," तो म्हणाला.

आपल्या झेंडीपुढं गाव गप्प बसायचं ते ती बरोबर पडायची म्हणून, असं तेजराम जन्मभर समजत आला होता. मग हळूहळू त्याच्या मनात दुसरी गोष्ट वर आली. त्यानं बाजेवर बसलेल्या कृष्णरावांकडं पाहिलं. त्यांची जोडी एका साली नाकभरानं हरली होती, त्याच्याच झेंडीवर. त्या दिवसापासून त्यांनी पटात बैल उतरवले नव्हते. म्हणायचे, हौस फिटली.

"कृष्णरावजी," तो जवळ जाऊन म्हणाला, "पटात कधी चुकलो का मी?"

कृष्णरावांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, झटकला, पुन्हा खांद्यावर टाकला. "जाऊ दे ना, तेजराम," ते म्हणाले. "ते बैल बी आता राह्यले नाही."

तेवढ्यात टिकारामनं हॉर्न दिला आणि गाड्या सुटल्या. तेजराम सवयीनं रेषेवर जाऊन उभा राहिला. झेंडी हातात होती, पण ती कधी टाकायची, कुणाच्या अंगाला टाकायची, काही सुचत नव्हतं. धुरळा उठला, सगळ्या गाड्या सारख्याच दिसायला लागल्या, डोळ्यांत पाणी आलं. शेवटी तो लोकांकडं वळला. इतक्या वर्षांत रेषेवर उभं राहून त्यानं कधी त्यांच्याकडं तोंड केलं नव्हतं.

"सांगा ना रे," तो ओरडला, "कोण पुढं आहे?"

वच्छला उठून उभी राहिली, "मले त आपली तृप्ती वाटते," म्हणाली. लगेच मागून कुणीतरी "नाही, निकेश, निकेश!" म्हणून ओरडलं, आणि मग सगळं मैदान बोलायला लागलं, जो तो वेगळंच. तेजराम झेंडी खाली धरून एकेकाचं ऐकत राहिला.