अक्काची सुपारी आणि डबीतल्या कॅप्सुली

अक्काची सुपारी फुटत होती आणि तिचा एकुलता एक भाऊ चौथ्यांदा परसाकडे गेला होता. तो भाऊ मी.

गोष्ट सत्तर-बाहत्तर सालची, कोल्हारची. आमच्या घरी तपकिरीची एक रिकामी डबी होती. डॉक्टरांनी कुणाला जंतू मारायच्या लाल-पिवळ्या कॅप्सुली दिल्या, की दोन घेऊन बरं वाटायचं आणि उरलेल्या डबीत जायच्या. (एवढं महागाचं औषध धडधाकट माणसाला कशाला?) डबीचा कारभारी मी. मॅट्रिकला सायन्समध्ये तीनदा बसल्यामुळे जंतूंशी माझी ओळख गावात सर्वांत जुनी, असा माझा समज!

त्यातून माझा शोध निघाला: भेळ खायच्या आधी एक कॅप्सूल. स्टँडजवळच्या गाडीवर सगळ्या बशा एकाच बादलीत बुचकळत. सकाळी त्या बादलीत पाणी असे, दुपारपर्यंत त्याची आमटी होई. पण कॅप्सूल पोटात पहाऱ्याला बसवली, की मी निर्धास्त. दोन वर्षं दर बाजाराला हा नेम चालला.

सुपारीच्या दोन दिवस आधी होणारे दाजी श्रीगोंद्याहून कामाला म्हणून आले. सुपारीआधी त्यांना घरात नेणं बरं दिसेना, म्हणून मी पाहुणचार गाडीवरच उरकला.

"दाजी, आधी ही गिळा."

"काय हाय हे?"

"विमा!"

"नगं. आमी भेळ खायला आलोय," म्हणत त्यांनी दोन बशा रिचवल्या. मी कॅप्सूल गिळून एकच खाल्ली आणि मनात म्हटलं, बिचारे!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आडवा. डबीतली एक घेतली. उतार नाही. आणखी दोन. पोटानं दखलसुद्धा घेतली नाही!

"आरं, डाक्टरकडं जा की," आई म्हणाली.

"ते तरी हेच देणार ना?"

सुपारीच्या दिवशी दाजींना गंध लावायचा मान माझा. गंधात बोट बुडवलं आणि पळालो. परत येऊन बोट कपाळापर्यंत नेलं आणि पळालो. चौथ्या फेरीहून परतलो, तेव्हा दाजींचे वडील, आबा, हातातली सुपारी खाली ठेवत होते.

"पाव्हनं, पोराला कसला रोग हाय? घरान्यातच हाय का?"

बैठक गार! आतल्या दाराआडून बांगड्यांचा आवाज यायचा थांबला. वडिलांनी माझ्याकडे असं पाहिलं, की पाचवी फेरी जवळ आली.

तेवढ्यात दाजी म्हणाले, "आबा, रोग न्हाई, भेळ हाय. मीबी खाल्ली, दोन बशा! कालच्याला मीबी असाच पळत हुतो."

"मंग आज कसा बसलायस?"

"डाक्टरकडं गेल्तो!"

आबा असे हसले, की सुपारी त्या हसण्यातच फुटली. आणि वरात निघाली ती थेट दवाखान्यात, माझी!

डॉक्टरांनी माझा सगळा नेम ऐकला, डबी उघडून पाहिली, मग मला पाहिलं.

"भेळेआधी एक, दुखलं तर दोन, थांबलं की बंद? अहो, तुम्ही जंतूंना मारत नव्हता, तालीम देत होता! थोडं थोडं खाऊन ते या औषधाला सरावले. आता ही कॅप्सूल त्यांना काही करायची नाही." त्यांनी दुसरं औषध दिलं आणि बजावलं, "बरं वाटलं तरी शेवटपर्यंत घ्यायचं. उरवायचं नाही!"

सायन्समध्ये मी तीनदा बसलो. माझ्या हाताखाली शिकलेले जंतू मात्र पहिल्याच खेपेला पास!