एकशे एकोणिसावं घर

जगातल्या झाडून साऱ्या बारशांची काळजी एकट्या माणसाच्या खांद्यावर आहे, आणि तो माणूस भिवंडीजवळ राहनाळला राहतो. माझ्या बायकोचे मामा. उभा जन्म त्यांनी शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर भाताच्या शेतात गोदाम बांधून भाड्याने दिलं आणि त्याच्या लांबलचक भिंतीवर, स्वतः शिडीवर चढून, चौकोन आखून सगळी मूलद्रव्यं रंगवली. भाडेकरूने विचारलं, कंपनीचं नाव कुठे लिहू? म्हणाले, "मागच्या भिंतीवर." आता ट्रकवाले याच पत्त्यावर चालतात. "मास्टरजी, गाड़ी गंधक पे लगाऊँ या जस्ते पे?"

फक्त एका घरापुढे गाडी लावायची नाही. तळाचं एकशे एकोणिसावं. ते रिकामं आहे, कारण हे मूलद्रव्य अजून कुठल्याच प्रयोगशाळेला बनवता आलेलं नाही. एका ड्रायव्हरने तिथे ट्रक लावला तेव्हा मामा बनियनवरच छत्री उगारत धावले. तो बिचारा म्हणाला, "यहाँ तो कुछ लिखा ही नहीं है!" "इसीलिए तो!" मामा गरजले. शास्त्रज्ञ तूर्त त्याला नुसत्या आकड्यावरून हाक मारतात, याचा मामांना भारी राग. "नंबर ट्रकला असतो. जल्माला येनाऱ्याला नाव पायजे, आनि ते आधीच तयार पायजे!" त्यासाठी त्यांनी नावांची अख्खी वही भरून ठेवली आहे. ती कुणाला दाखवत मात्र नाहीत.

मागे चार मूलद्रव्यांना एकदम नावं मिळाली, तेव्हा मामांनी गोदामात पाळणा टांगला, हमालांना घुगऱ्या वाटल्या आणि नाव सांगायला थोरल्या बहिणीला बोलावलं, कारण तो मान आत्याचा. पाळण्यात चार चिठ्ठ्या. म्हातारी बराच वेळ वाकून बघत राहिली. "अरं, पन याचा कान कुठं हाय?"

परवा चहा पिता पिता मी सहज बोलून गेलो, "मामा, यातली कित्येक डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतात. एवढ्याशा आयुष्याला नाव कशाला?" एका प्रश्नाला तीन उत्तरं देणारे मामा अर्धा चहा तसाच ठेवून बाहेर गेले.

मामींनी कप उचलले. "आमची पोर नवव्या दिशी गेली, जावयबापू. बाराव्याला बारसं हुतं. नाव यांनी ठरवलेलं, पन मलाबी सांगितलं न्हाय. म्हनाले, पाळन्यातच ऐक."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेर आलो, तर मामा खांद्यावरच्या पंच्याने त्या रिकाम्या घरावरची धूळ पुसत होते. मीही रुमाल काढला.